पॅसेजमधले चार दिवे

९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून चकित होऊ नकोस. मागचे तीनही फोन पाचव्या मिनिटाला कुणीतरी आपटण्यात संपले. कागदावर निदान मला माझं वाक्य पुरं करता येतं. नानांना तर आता फोनवरचं काही ऐकूच येत नाही. रिसीव्हर कानाला लावून नुसतं "बरं, बरं" म्हणतात आणि ठेवून देतात.

विषय दिव्यांचा आहे. हसू नकोस.

तू आणि नानांनी मिळून घरात ती यंत्रणा बसवलीत, त्याला तेरा वर्षं झाली. चाळीस वर्षं नाटकांना उजेड देऊन नाना तेव्हा नुकते निवृत्त झाले होते आणि तुला नवी नोकरी लागली होती. जिन्याखालच्या कपाटात ती राखाडी पेटी, खोलीखोलीला उजेड कमी-जास्त करणारा डिमर, भिंतीवर 'सकाळ', 'वाचन', 'जेवण', 'झोप' अशी बटणं. बापलेकांनी घराचं स्टेज केलं, असं आई म्हणायची. मग सहा वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, आलास तेव्हा पॅसेजमध्ये सेन्सर लावून गेलास. नानांनी पाऊल टाकलं की चारही दिवे आपोआप हळूहळू उजळतात. तेव्हा त्यांच्या हातात काठी होती, आता वॉकर आहे. दोन्ही हात वॉकरला, बटण दाबणार कोण? त्यामुळे त्या सेन्सरवर आमचं घर चाललंय म्हण.

तर आता तारेचे बल्ब मिळेनासे झालेत. बेचाळीसातले अकरा गेले. दुकानदार म्हणतो, "ताई, कारखानेच बंद झाले, मी काय घरी फुंकून बनवू?" बाहेरच्या खोलीतला एक होल्डर तापून काळा पडला आणि जळका वास दोन दिवस घरात होता. मी संध्याकाळी सातपर्यंत औषधांच्या काउंटरवर. गिऱ्हाईकाला गोळ्या देते आणि डोक्यात तो होल्डर. नाना घरी एकटे असतात.

त्यांना विचारलं तर म्हणतात, "आहेत तेवढे माझ्यापुरते पुरतील." हे ते गमतीत म्हणतात. मला या गमती आता पचत नाहीत.

काय करू ते सांग.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ताई,

एवढंच ना? मला वाटलं नानांना काही झालं.

दिवसभर माझं हेच काम असतं. हॉटेलं, ऑफिसं, सगळीकडे आम्ही तारेचे बल्ब काढून डिमरवर चालणारे एलईडी लावतो. साधे एलईडी घेऊ नकोस, ते डिमरवर चालत नाहीत. दुकानदार काहीही गळ्यात मारेल. मीच कंपनीतून बेचाळीस पाठवतोय. वायरमनला बोलव, जुना काढ, नवा लाव, झालं. तापणार नाहीत, वास येणार नाही, वीस वर्षं बघायला नको.

एक मात्र कर. जुने उरलेले बल्ब त्याच दिवशी घराबाहेर काढ. ठेवलेस तर तू कामावर गेल्यावर नाना कुणाला तरी पकडून परत लावून घेतील. त्यांना ओळखतेस ना? मागच्या खेपेला पेटीशी खेळून त्यांनी सगळं घर काळोखात घातलं होतं, म्हणूनच मी तिच्या सेटिंगला आकड्याचं कुलूप लावून गेलो. त्यांचं ऐकू नकोस. त्यांच्यासाठी अजून सगळं जग पडद्यामागे उभं आहे.

मे महिन्यात रजा मिळतेय असं दिसतं. नानांना अजून सांगू नकोस.

धाकटा


११ मार्च

प्रिय धाकट्या,

खोकं आलं. एकही बल्ब फुटला नव्हता. वायरमन परवा येऊन गेला. साठीचा माणूस, कुणाला न जुमानणारा. नाना खुर्ची टाकून पॅसेजच्या तोंडाशी बसले होते. त्यानं पेटी उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं काम?"

"माझं," नाना म्हणाले.

"मग मी हिला हात लावत नाही. मी फक्त बल्ब बदलतो."

नाना खूश. दिवसभर दोघांची छान गट्टी जमली. जाताना तो हळूच मला म्हणाला, "यांच्या बटणांची नावं वाचूनच मला भूक लागली, झोपही आली." कितीतरी दिवसांनी मी घरात हसले.

पण दिवे धड नाहीत रे. पूर्ण उजेडावर झकास. कमी केले की वाचनाच्या खोलीतले थरथरतात आणि डासासारखे गुणगुणतात. दहा मिनिटांत माझं डोकं ठणकायला लागतं. स्वयंपाकघरातला एक बंद केला तरी मिणमिणत राहतो. आणि पॅसेजमधले कधी लागतात, कधी नाही. नाना वॉकर घेऊन उभे राहतात आणि म्हणतात, "एंट्री घेतली, पण लाइटवाला झोपलाय."

मी म्हटलं, नाना, नवीन आहेत, रुळतील. तर म्हणाले, "अगं, तारेचा दिवा कमी होताना पिवळा होतो, मग तांबडा, मग निखाऱ्यासारखा. माणसाला आधी कळतं की उजेड चाललाय. हा शेवटपर्यंत पांढरा असतो आणि मग एकदम नसतोच."

जुने बल्ब तू म्हणालास तसे भंगारवाल्याला देऊन टाकले. नानांनी पिशवी जाताना पाहिली. थोड्या वेळानं विचारलं, "एकही नाही ठेवलास?"

ताई


२२ मार्च

ताई,

घाबरण्यासारखं काही नाही. तुमचे डिमर जुने, जड तारेच्या बल्बांसाठी केलेले. एलईडी वीज फारच कमी ओढतो, त्यामुळे डिमरला खाली काही आहे हेच कळत नाही. म्हणून थरथर, म्हणून गुणगुण.

उपाय सोपा आहे. पेटीत प्रत्येक डिमरच्या खाली एक बारीक स्क्रू दिसेल. एका वेळी एक खोली घे. दिवे पूर्ण लाव, मग बटणानं अगदी तळाला आण. थरथरले किंवा विझले तर स्क्रू उजवीकडे थोडा थोडा फिरव, दिवा स्थिर होईपर्यंत. म्हणजे तो त्याच्या खाली जाणारच नाही. खोलीमागे दोन मिनिटं. छोटा स्क्रू-ड्रायव्हर आईच्या शिवणाच्या डब्यात असायचा.

आणि नानांच्या पिवळ्या-तांबड्याचं कौतुक पुरे. त्यांना दिवा नकोय, त्यांना त्यांचं थिएटर परत हवंय. ते मी कुठल्या खोक्यातून पाठवू? एवढं सगळं इथून बसून करतो, त्यावर एक बरा शब्द नाही. लहानपणापासून हेच ऐकत आलोय. माझं काम म्हणजे बटणं दाबणं आणि त्यांचं काम म्हणजे कला.

रजा मंजूर झाली. १८ मे. आता सांगितलंस तरी चालेल.

धाकटा


६ एप्रिल

प्रिय धाकट्या,

१८ मे! मी कॅलेंडरवर गोल केलाय. नानांनी तो चष्मा लावून दोनदा पाहिला.

स्क्रूचं काम केलं. रविवारी सकाळी सुरू केलं ते दुपार झाली. तुझी दोन मिनिटं तुलाच लखलाभ. नाना डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि पापण्यांवर पडणाऱ्या उजेडावरून सांगायचे, "अजून एक वेढा. बस. आता स्थिर झाला." थरथर गेली, माझी डोकेदुखी गेली. पॅसेजचंही केलं. दिवे पूर्ण लावून तळापर्यंत आणले, अगदी स्थिर राहिले. मी तीनदा करून पाहिलं.

नाना आता दिव्यांबद्दल काही बोलत नाहीत. संध्याकाळी मी आले की "पोस्टमन आला होता का?" एवढं विचारतात. तुझं येणं डोक्यात बसलंय, दुसरं काय.

तेव्हा आता तो विषय संपला. आलास की मोकळ्या मनानं ये. जुनं काही उकरून काढायचं नाही, दोघांनीही. मी दोघांच्या मध्ये उभी राहून थकलेय.

ताई


१४ एप्रिल

ताई,

बघ, म्हटलं नव्हतं? जरा धीर धरला की सगळं जागेवर येतं.

तिकीट काढलं. १८ तारखेला दुपारी पोचतो, दहा दिवस आहे. नानांसाठी चांगलं कानाचं यंत्र आणतोय, म्हणजे मी ओरडतोय की बोलतोय यावरून वाद नको. तुला काय आणू ते कळव. "काही नको" असं लिहिलंस तर खरंच काही आणणार नाही.

बाकी सगळं ठीक. इथे आता उजेड उशिरापर्यंत असतो.

धाकटा


२ मे

प्रिय धाकट्या,

फोनवर मला नीट बोलता आलं नाही. हॉस्पिटलच्या त्या जिन्यात माणसांची ये-जा आणि तू सारखं "कसं पडले, कसं पडले" विचारत होतास. आता सगळं सांगते.

शुक्रवार, २४ तारीख. मी सव्वासातला घरी आले. घरात अंधार. दार उघडलं तर दारापाशी उतरणाऱ्या पॅसेजच्या तीन पायऱ्यांखाली नाना पडलेले, वॉकर अंगावर. मी आत पाऊल टाकलं तसं सेन्सरनं टिक केलं. मी ते ऐकलं. वर पाहिलं. चारही दिवे तसेच काळे. मी तिथेच उभी, आणि दिवे काळे.

नाना शुद्धीत होते. मला म्हणाले, "अगं, दिवा उठला नाही." जणू उशीर झाल्याबद्दल माफी मागताहेत, अशा आवाजात.

अर्धा तास तरी तसेच पडून होते. कशाला उठले होते कोण जाणे.

खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, पट्टी बसवली. डॉक्टर म्हणतात हाड जुळेल, पण या वयात छातीची काळजी घ्यावी लागते. फॉर्मवर 'पडण्याचं कारण' असा रकाना होता. मी 'पाय घसरला' लिहिलं.

धावत येऊ नकोस असं मीच म्हणाले होते. तिकीट १८ चं आहेच. डॉक्टरही तेच म्हणाले. पण जमलं तर ये.

ताई


९ मे

ताई,

अलीकडची तारीख मिळत नाहीये. प्रयत्न केला. इथेही एक मोठं काम अडकलंय, ते सोडून निघालो तर परत यायला जागा राहणार नाही.

तुला एक विचारायचंय आणि राग मानू नकोस. पॅसेजचा स्क्रू तू नक्की फिरवला होतास का? तीनदा करून पाहिलंस असं लिहिलंयस. पण नीट बसवलेला दिवा असा दगा देत नाही. कदाचित दुसऱ्याच डिमरचा फिरवला असशील. त्या पेटीत बारा आहेत, वरच्या पट्ट्यांवरची अक्षरं पुसट झालीत. मी दोष देत नाही, फक्त नक्की काय झालं ते कळायला हवं. कळलं की मला झोप लागेल.

नानांना सांग, मी येतोय. यंत्र घेतलंय.

धाकटा


३० मे

ताई,

चार दिवस मी तुझ्या घरात होतो आणि तुझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. तू समजलीस की मी दोन दिवसांनी चुकलो, नाना सोळा तारखेलाच गेले, त्याची लाज आहे. ती आहेच. कानाचं यंत्र सामानात तसंच होतं, ते मी विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो.

पण लाज निराळ्याच गोष्टीची आहे. ९ तारखेचं पत्र मी तुला का लिहिलं ते सांगतो.

माझं काम एलईडी बसवण्याचं नाही, निदान गेली दोन वर्षं नाही. मी परत आलेला माल तपासतो. गिऱ्हाइकांनी तक्रार करून परत पाठवलेला. तुला पाठवलेले बेचाळीस बल्ब एका हॉटेलमधून परत आले होते. सहाशे बल्बांचा माल होता. त्यांची तक्रार होती की खोल्यांमधले दिवे मंद ठेवले की कधी लागतात, कधी लागत नाहीत. तो अहवाल मीच लिहिला, जानेवारीत. त्यात माझ्या सहीनं लिहिलंय: वरून खाली आणल्यास दिवा टिकतो, बंद अवस्थेतून मंद पातळीवर चालू केल्यास भरवसा नाही. वापरण्यास अयोग्य.

मग तुझं पत्र आलं आणि समोर खोकी पडलेली. मला वाटलं, हॉटेल वेगळं, घर वेगळं. घरात कोण एवढं बघतंय? मी आईबापाच्या घरी टाकाऊ माल पाठवला आणि वर उपकार केल्याच्या थाटात पत्रं लिहिली. पॅसेजचं लिहिलंस तेव्हाच मला तो अहवाल आठवला होता. तरी स्क्रू फिरवायला सांगितलं. त्या स्क्रूनं हा रोग जात नाही, हे मला ठाऊक होतं. विषय मिटेल एवढंच हवं होतं.

आणि नाना पडल्यावर मी तुला विचारलं की तू नीट फिरवलास का.

तू नीटच फिरवला होतास. अगदी बरोबर.

मला माफ कर असं लिहिणार होतो. ते शब्द लिहून खोडलेत, खाली दिसतील.

धाकटा


१३ जून

धाकट्या,

तुझं पत्र मी काउंटरमागे उभं राहून वाचलं. नंतर एका बाईला चुकीच्या गोळ्या देता देता थांबले. मालकांनी मला घरी पाठवलं.

घरी आल्यावर सगळा राग तुझ्यावर काढायचा असं ठरवून कागद घेतला. दोन पानं लिहिली. ती फाडली, कारण मलाही काहीतरी सांगायचंय आणि ते सांगितल्याशिवाय मला तुझ्यावर रागवायचा हक्क नाही.

स्क्रूचं काम झालं त्या रविवारनंतर दोन दिवसांनी नानांनी तुला पत्र लिहिलं. हात थरथरायचा, तरी सबंध दुपार बसून लिहिलं. पाकिटात घालून माझ्याकडे दिलं, "उद्या टाक" म्हणाले. मी ते उघडलं. तुमची गेल्या सहा वर्षांची भांडणं ठाऊक होती म्हणून उघडलं. त्यातलं दिव्यांचं मला काही कळलं नाही. कळले ते टोमणे. मला वाटलं, हे वाचून हा येणार नाही. तिकीट काढायच्या आत हे पोचलं तर सगळं बिनसेल. एकदा दोघं समोरासमोर बसले की हे पत्र कुणाला आठवणारसुद्धा नाही.

मी ते माझ्या कपाटात ठेवलं आणि टाकलं म्हणून सांगितलं.

पोस्टमनची चौकशी ते त्या पत्राच्या उत्तरासाठी करायचे. मी तुला लिहिलं, तुझं येणं डोक्यात बसलंय. एवढं खोटं मला इतक्या सहज लिहिता आलं.

आणि ते कशाला उठले होते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझं १४ एप्रिलचं पाकीट चुकून शेजारी पडलं होतं. शेजाऱ्यांनी ते त्या संध्याकाळी आमच्या दाराखालून सरकवलं. नानांना ऐकू कमी यायचं, पण खुर्चीतून दाराची फट दिसायची. त्यांना ते पांढरं पाकीट दिसलं. मी आले तेव्हा ते त्यांच्यापासून चार हातांवर होतं.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय लिहिलंय त्यानं?" मी म्हटलं, "लिहिलंय की नाना, तुमचं बरोबर आहे. येताना जुना बल्ब घेऊन येतो आणि पेटी स्वतः नीट करतो."

नाना हसले. "कळलं ना त्याला," म्हणाले. "तसा हुशार आहे." नंतर येणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगत होते, माझा मुलगा येतोय, दिव्यांचं काम करतो.

त्यांचं पत्र सोबत पाठवतेय. आता पाठवून काय उपयोग, असं तू विचारशील. ते तुझं आहे, एवढंच.

ताई


(सोबतचं पत्र)

३१ मार्च

चि. धाकट्या,

फोनवर तुझं मला ऐकू येत नाही आणि माझं तू ऐकत नाहीस, तेव्हा लिहितो. हात कापतो, अक्षर सांभाळून घे.

तुझा माल टाकाऊ आहे. रागावू नकोस, मी चाळीस वर्षं दिवे हाताळले, माल ओळखतो. तू पाहिला असतास तर तूही म्हणाला असतास. न पाहता पाठवलास, हे तुला शोभत नाही. घरासाठी पाठवताना दोन दिवे तरी लावून बघायचे होतेस.

ताईनं परवा स्क्रू फिरवले. पोरीनं फार मन लावून केलं. तिला मी काही बोललो नाही, पण पॅसेजचं काम झालेलं नाही. ती दिवा लावून खाली आणते, तेव्हा तो टिकतो. सेन्सर मात्र त्याला अंधारातून वीस टक्क्यांवर उठवायला बघतो. तिथे तो उठत नाही. दुपारी गरम असताना उठतो, संध्याकाळी गार असताना नाही. मी पंधरा वेळा मोजलं, नऊ वेळा उठला.

दोन गोष्टी कर. एक, तारेचा एक जुना बल्ब तिकडून पाठव. चारांतला एक जुना लावला की डिमरला ओझं मिळेल. इथले तुझ्या सांगण्यावरून भंगारात गेले. दोन, पेटीच्या सेटिंगचा आकडा कळव. पॅसेजला मी अशी सूचना घालतो की दिवा आधी झटक्यात पन्नासवर जाईल, मग वीसवर उतरेल. थिएटरात गार पडलेल्या दिव्यांना आम्ही असाच धक्का द्यायचो. आकडा सांगायचा नसेल तर ताईला सांग, ती करेल. मी हात लावणार नाही, शपथ.

घाईचं नाही. तोवर मी संध्याकाळी खुर्चीतून उठत नाही, ताई येईपर्यंत बसून राहतो. पण उत्तर लवकर दे.

तू ही पेटी जोडलीस तेव्हा तुझ्या वायरी माझ्यापेक्षा सरळ होत्या. ते मी तेव्हा बोललो नव्हतो.

नाना


१ जुलै

ताई,

नानांचं पत्र मिळालं.

तुला एक सांगतो. तू ते टाकलं असतंस तर मी काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. पहिल्या ओळीला 'टाकाऊ' वाचलं असतं आणि घडी करून खणात टाकलं असतं. शेवटपर्यंत गेलोच नसतो. बल्ब पाठवला नसता, आकडाही कळवला नसता. फार तर तुला लिहिलं असतं की नानांना आवर.

हे खरं आहे की तुझ्यासाठी आत्ता रचतोय, ते मला विचारू नकोस. रोज वेगळं उत्तर येतं. कधी वाटतं, नसतंच वाचलं. कधी वाटतं, वायरींच्या त्या ओळीपर्यंत पोचलो असतो.

गेल्या आठवड्यात कंपनीत त्याच मालातले तीन बल्ब आणि एक जुना तारेचा, असे चार एका डिमरवर लावले. आधी पन्नास, मग वीस. रात्रभर गार होऊ देऊन रोज सकाळी एकदा. सहा दिवस, सहाही दिवस उठले. माझ्या अहवालात 'वापरण्यास अयोग्य' लिहिलंय, त्याच्या खाली नानांनी सांगितलेला उपाय लिहिला. कुणी सुचवला या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. रकाना रिकामा ठेवून दिला.

पॅसेजमधले चारही बल्ब काढून दुसरे लाव आणि साधं बटण बसवून घे. त्या वायरमनला सांग, पेटीला हात लावला तरी चालेल. आकडा आईच्या जन्मतारखेचा आहे. नानांनी एकदा जरी अंदाज केला असता तरी कुलूप उघडलं असतं. त्यांनी शपथ घेतली म्हणून केला नसावा.

घराचं काय करायचं ते तू ठरव. मी सही करीन.

तुला दोष देऊ शकलो असतो तर बरं झालं असतं. तुलाही तसंच वाटत असेल. आपण दोघं एकमेकांना लिहीत राहिलो तर तेच ते लिहीत राहू, म्हणून मी आता थांबतो. पण तुझं पाकीट आलं तर मी ते उघडीन, आणि शेवटपर्यंत वाचीन.

धाकटा